खरवडण्याआधी ओळखा

पावसाळा महिनाभर मुरला की घरोघरी एक ठरलेले काम निघते : शेवाळ काढणे. कोकणातल्या जांभ्याच्या पायऱ्या असोत, पुण्यातल्या जुन्या बंगल्याची मागची बाजू असो की मुंबईतल्या सोसायटीची बोळ, तारेची घासणी, खराटा, ब्लीचिंग पावडर आणि ‘ॲसिड’ची बाटली बाहेर येते. पायवाट घासली जाते. मग हाताबरोबर कुंपणाची भिंतही घासली जाते, विहिरीचा कठडा घासला जातो, आंब्याच्या बुंध्याखालची माती खुरप्याने खरवडली जाते. हिरवे आणि ओले दिसले की ते ‘शेवाळ’, आणि शेवाळ म्हणजे घाण, असा साधा हिशेब त्यामागे असतो.

या हिशेबात दोन चुका आहेत. पहिली अशी की माणसाला खरोखर पाडणारा बुळबुळीत थर आणि कोपऱ्यात कोणाच्या पायाखाली न येणारी वनस्पती यांत फरक केला जात नाही. दुसरी अशी की निरुपद्रवी हिरवाई घालवण्यासाठी वापरलेली रसायने अनेकदा त्या हिरवाईपेक्षा कितीतरी घातक असतात. कुठलाही उपचार निदानानंतरच करायचा असतो. बागेतल्या हिरव्या डागांनाही तोच नियम लावायला हवा.

या डागांत एक फार जुना आणि जवळजवळ कोणी न ओळखणारा वनस्पतिगट असतो. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘यकृतका’ म्हणतात, इंग्रजीतून आलेले नाव ‘लिव्हरवर्ट’. जगात त्याच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत आणि भारतात आठशेहून अधिक. त्यांतल्या काही आपल्या सावलीतल्या परसात न बोलावता येतात. त्यांना ओळखावे आणि थोडी जागा द्यावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत, नर्सरीत जावे लागत नाही. मुख्यतः काही गोष्टी करायच्या थांबवाव्या लागतात.

नावात यकृत, औषधात नाही

आधी नावाचा गैरसमज दूर केलेला बरा. या वनस्पतींपैकी काहींचे अंग म्हणजे जमिनीला चिकटलेली, कडांना खाचा असलेली जाड हिरवी पट्टी असते. मध्ययुगीन युरोपातल्या लोकांना त्या खाचांत यकृताचे खंड दिसले. वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा, त्या अवयवाचे ती औषध, असा एक समज तिथे शतकानुशतके होता. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या समजापोटी ही पट्टी यकृताच्या विकारांवर दिली जाई आणि ‘यकृताची वनस्पती’ हे नाव कायमचे चिकटले. मराठी नाव त्याचेच भाषांतर आहे.

हे सांगायचे कारण, आपल्याकडे पावसाळा हा काविळीचाही मोसम आहे. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले की हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंचा प्रसार होतो. डोळे पिवळे दिसले की गावोगावी झाडपाल्याची आठवण निघते. या दोन्ही विषाणूंची कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे त्या काळात जे काही पोटात गेले असेल त्याला श्रेय मिळते. पण गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो, आणि आधीच यकृताचा आजार असलेल्या माणसालाही. यकृतकांमध्ये अनेक तीव्र रसायने असतात. त्यांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म कण साठवलेले असतात आणि त्यामुळे किडे-गोगलगायी त्यांच्या वाटेला फारशा जात नाहीत. प्रयोगशाळांत या रसायनांचा अभ्यास चालू आहे, परंतु यकृतकांपासून काविळीचे सिद्ध झालेले औषध नाही. यकृतका परसात असावी, काढ्यात नाही.

ओळख कशी पटवायची

ओळखण्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे साधे हातभिंग पुरते. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन काढलेला फोटो मोठा करून पाहिला तरी बरेच काम होते. वेळ निवडायची ती पाऊस उघडल्यानंतरची सकाळ. जागा निवडायची ती सावलीची : भिंतीची उत्तरेकडची बाजू, जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या फटी, पाण्याच्या टाकीचा पाया, विहिरीची आतली भिंत, वळचणीची माती, एसीचे पाणी ठिबकते ती जागा. मग एकेक प्रश्न विचारत जायचे.

पहिला प्रश्न : याला आकार आहे का? बोट फिरवल्यावर नुसता बुळबुळीत थर लागला, पान-पट्टी असे काही वेगळे दिसले नाही, तर ते खरे शैवाल. फरशीवर घसरवते ते मुख्यतः हेच. कधी मातीवर काळपट हिरव्या, जेलीसारख्या गोळ्या किंवा पापुद्रे दिसतात. ते बहुधा नॉस्टॉक, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू. राखाडी किंवा फिकट हिरवा, कोरडा, खपलीसारखा थर असेल तर ते दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार.

दुसरा प्रश्न : आकार आहे, पण पट्टीचा की पानांचा? चपटी हिरवी पट्टी जमिनीला चिकटून पसरली आहे आणि टोकाला दोन फाटे, पुन्हा प्रत्येक फाट्याला दोन फाटे, असे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे फुटत गेली आहे, तर ती पट्टीदार यकृतका असण्याची शक्यता खूप आहे. भिंगातून पाहिल्यास काही प्रकारांच्या पृष्ठभागावर षटकोनी चौकटींची जाळी दिसते आणि प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक ठिपका. ते ठिपके म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रे. पट्टी उचलून पाहिली तर खाली मुळे नसतात, कापसाच्या धाग्यांसारखे बारीक तंतू असतात. ते तंतू मुख्यतः वनस्पतीला जमिनीला धरून ठेवतात. पाणी ती बहुतांश अंगानेच शोषते.

तिसरा प्रश्न : पाने असतील तर ती कशी लागलेली आहेत? कुंपणावरची मखमली गादी बहुतेक वेळा हरिता असते, म्हणजे इंग्रजीतले मॉस. हरितेची पाने दांड्याभोवती चहूबाजूंनी लागतात, टोकदार असतात आणि त्यांना बऱ्याचदा मधली शीर असते. पानांच्या यकृतकेची पाने दांड्याच्या दोन बाजूंना दोन ओळींत चपटी मांडलेली असतात, कौलांसारखी एकमेकींवर थोडी चढलेली. त्यांना मधली शीर नसते आणि कडा अनेकदा दुभंगलेली असते. झाडाच्या सालीवर हिरवे किंवा तांबूस भरतकाम केल्यासारखे दिसते ते बहुधा हेच.

चौथा प्रश्न : फळ कसे आहे? हरितेचा दांडा तारेसारखा ताठ असतो. त्यावरची कुपी अनेक दिवस टिकते आणि तिला टोपण असते. यकृतकेचा दांडा पारदर्शक, नाजूक असतो. काळसर कुपी बहुधा चार पाकळ्यांत फुटते, बीजाणू उडतात आणि एक-दोन दिवसांत सारे कोमेजते.

तीन तोतये मात्र ध्यानात ठेवावेत. नेच्याचे बाल्यरूप हा पहिला. नखाएवढे, पातळ, बदामाच्या आकाराचे हिरवे पान ओल्या विटेवर चिकटलेले दिसते. ती यकृतका नव्हे, काही दिवसांनी त्यातून नेच्याचे कोवळे पान वर येते. दुसरा तोतया शृंगका : गडद हिरवी चकती, तिच्यातून शिंगासारख्या उभ्या हिरव्या काड्या निघालेल्या. ती यकृतकांची जवळची नातेवाईक आहे आणि तीही तितकीच राखण्याजोगी आहे. तिसरा सेलाजिनेला. त्याची बारीक पाने यकृतकेसारखी वाटतात, पण त्याला खरी मुळे आणि कडक दांडा असतो.

आपल्याकडची मंडळी

महाराष्ट्रातल्या बागेत सगळ्यांत सहज भेटणारी यकृतका म्हणजे रिक्सिया. कुंडीतल्या किंवा अंगणातल्या घट्ट ओल्या मातीवर एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढी हिरवी चकती दिसते, केंद्रातून बाहेर फाटे फुटत गेलेली. तिच्या कुप्या पट्टीच्या आतच गाडलेल्या असतात. वनस्पती कुजली की बीजाणू मातीत मोकळे होतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. तिचीच एक बहीण पाण्यावर तरंगते आणि मत्स्यपेटीच्या दुकानांत विकली जाते.

घाटातल्या दरडींवर, किल्ल्यांच्या तटांवर आणि जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत टार्जिओनिया आणि प्लॅजिओकाझ्मा आढळतात. टार्जिओनियाच्या पट्टीच्या टोकाखाली शिंपल्यासारखी मिटलेली काळी डबी असते, त्यावरून ती लगेच ओळखू येते. या दोघींची खरी करामत उन्हाळ्यात दिसते. ऊन तापले की पट्टीच्या कडा आत वळतात, खालचे जांभळट-काळे खवले वर येतात आणि मागे उरतो तो वाळक्या काळ्या दोऱ्यासारखा तुकडा. मेला समजून तो काढून टाकला जातो. पहिल्या चांगल्या पावसात तोच तुकडा पाणी पिऊन पुन्हा उलगडतो.

अगदी अंधाऱ्या, ओल्या जागी, गुहेच्या तोंडाशी किंवा जुन्या विहिरीच्या भिंतीवर सायथोडियम वाढते. तिची पट्टी इतकी पातळ असते की थोड्याशा प्रकाशातही ती पिवळसर-हिरवी चमकल्यासारखी दिसते. ती स्वतः उजेड देत नाही, आलेला प्रकाश तेवढा परतवते.

पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांत प्रसिद्ध झालेली मार्कांशिया थंड, ओलसर जागांची सोबतीण. तिच्या पट्टीवर बारीक पेले असतात आणि पेल्यांत हिरव्या टिकल्या. पावसाचा थेंब पेल्यात पडला की टिकल्या उडून हातभर अंतरावर पडतात आणि तिथे नवी वनस्पती रुजते. नर आणि मादी वनस्पती वेगळ्या असतात. मादीवर काड्या निघालेल्या छत्रीसारखी, तर नरावर कडेला खाचा असलेल्या चकतीसारखी छोटी रचना उभी राहते.

देशी कोण आणि पाहुणी कोण, हा प्रश्नही इथे येतो. भूमध्य समुद्राच्या परिसरातली ल्युन्युलेरिया हरितगृहे आणि कुंड्यांमधून जगभर पोचली आहे. तिचे पेले पूर्ण गोल नसून चंद्रकोरीसारखे असतात, ही तिची खूण. थंड हवेच्या ठिकाणाहून आणलेल्या रोपाच्या मातीतून अशी पाहुणी येऊ शकते. म्हणून विकतची यकृतका आणून लावण्यापेक्षा जी आपल्या मातीत आपोआप उगवते तिला राहू देणे केव्हाही चांगले. नेमकी जात ठरवण्यासाठी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात. ते काम जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे सोपवावे.

आक्षेप खरे आहेत, उपाय चुकीचे

‘शेवाळ राखा’ म्हटल्यावर घरातली वडीलधारी माणसे हरकत घेतील आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. सत्तरीच्या आजींचा ओल्या पायरीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडते तेव्हा ते केवळ हाड नसते. शस्त्रक्रिया, अंथरूण, छातीचा संसर्ग, गमावलेला आत्मविश्वास ही सगळी मालिका त्यामागे येते. तेव्हा जिथे पाऊल पडते तिथला थर निघालाच पाहिजे. पायऱ्या, न्हाणीघराकडची वाट, नळाभोवतीची जागा, कपडे वाळत घालायची गच्ची. तिथे यकृतका असली तरी गय नको.

पण तो काढायचा कशाने? ताठ ब्रश, साबणाचे पाणी आणि मनगटाचा जोर. आठवड्यातून एकदा हे केले की थर जमत नाही. बरोबर पाणी साचण्याचे कारण शोधावे : तुंबलेला पन्हळ, उतार नसलेली फरशी, गळका नळ. पायरीला कठडा आणि खरबरीत पट्टी बसवावी. ॲसिडने काम झटपट होते, पण शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि सिमेंटमध्येही चुना असतो. ॲसिड दोन्ही खाते. पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र होतो, त्यात ओल जास्त टिकते आणि पुढच्या पावसात शेवाळ अधिक जोमाने परतते.

सर्वांत मोठा धोका पुढचा आहे. ब्लीचिंग पावडर टाकून भागले नाही म्हणून वर ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण ओतले जाते. या दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बंद बोळात किंवा न्हाणीघरात तो काही क्षणांत डोळे, घसा आणि श्वासनलिका भाजून काढतो. दम्याच्या रुग्णाला तो विशेष बाधतो. असा वास आला तर तिथेच उभे राहून पाणी मारत बसू नये. लगेच मोकळ्या हवेत जावे, डोळे पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवावेत आणि खोकला किंवा धाप लागली असेल तर रुग्णालय गाठावे. आधी बरे वाटून काही तासांनी श्वास अडू शकतो, कारण फुप्फुसात पाणी साठायला वेळ लागतो. भिंतीवरच्या हिरव्या पट्टीसाठी ही जोखीम घेण्यात काही शहाणपण नाही.

दुसरी हरकत डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. यकृतकांना पाण्याचे डबके लागत नाही, ओल लागते. ओलसर मातीवर किंवा भिंतीवर अळ्या वाढत नाहीत. दोष असतो तो कुंडीखालच्या ताटलीचा, टाकून दिलेल्या टायरचा, उघड्या पिंपाचा. आठवड्यातून एक दिवस ही भांडी पालथी करून कोरडी करावीत, मग हिरव्या कोपऱ्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

तिसरी हरकत भिंतीची. पिंपळाचे मूळ भिंत फोडते हे सर्वांनी पाहिलेले असते. यकृतकेचे तंतू एका पेशीचे असतात, त्यांत चिरा रुंदावण्याचे बळ नसते. मात्र घराच्या बाहेरच्या भिंतीवर एकाच जागी हिरवाई सतत वाढत असेल तर आत कुठे तरी पाणी झिरपते आहे, ही सूचना समजावी आणि गळती दुरुस्त करावी. घराच्या आतल्या भिंतीवर येणारे काळे ठिपके ही वेगळी गोष्ट. ती बुरशी. ती दम्याला बाधते आणि तिला राखण्याचा प्रश्नच येत नाही.

चौथी गोष्ट त्वचेची. झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या फ्रुलानिया या तांबूस पानांच्या यकृतकेमुळे युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या लाकूडतोड्यांना हातावर, चेहऱ्यावर पुरळ येतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. ज्या वर्गातल्या रसायनांमुळे तो येतो, त्याच वर्गातल्या रसायनांमुळे आपल्याकडे गाजरगवताचा पुरळ येतो. तेव्हा ज्यांना गाजरगवताची ॲलर्जी आहे त्यांनी सालीवरच्या यकृतका उघड्या हाताने खरवडू नयेत. जमिनीवरच्या पट्ट्या पाहण्यात असा धोका नाही. आणि परसात उंदीर-घुशींचा वावर असेल तर पावसाळ्यात कुठलेही मातीकाम हातमोजे आणि बूट घालूनच करावे. लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शरीरात शिरतो.

शेवटची हरकत बागकाम करणाऱ्यांची. बियांच्या तरव्यात किंवा छोट्या कुंडीत मार्कांशियाने सगळी माती झाकली तर रोपांना त्रास होतो आणि पाणी खाली मुरत नाही. तिथून ती काढावी. कुंडीला पाणी जास्त होते आहे, असाही तिचा निरोप असतो.

जागा कशी द्यावी

यकृतकांची बाग करायची म्हणजे एखादा कोपरा निवडून तिथे हात आखडता घ्यायचा. चार-पाच फूट लांबीची पट्टी पुरे. ती येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी, दुपारचे ऊन तिथे थेट पडू नये. माती मोकळी, भुसभुशीत नको, दाबून घट्ट केलेली हवी. शेजारी जांभ्याचा चिरा, जुनी वीट किंवा काळा दगड अर्धा गाडून ठेवावा. त्यांच्या सांध्यांत ओल टिकते.

या पट्टीत खुरपे चालवू नये, गवत हाताने उपटावे. पडलेला पाचोळा मात्र अधूनमधून हलकेच उचलावा, कारण त्याखाली यकृतकांना प्रकाश मिळत नाही. रासायनिक खत, तणनाशक, मोरचूद, बोर्डो मिश्रण आणि चुन्याची फक्की यांपैकी काहीही तिथे पडू देऊ नये. यकृतका पाणी अंगानेच पितात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट आत जाते. पावसात खंड पडला तर पिंपात झाकून साठवलेले पावसाचे पाणी हलके शिंपडावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी इथे वापरू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात.

दगडावर ताक किंवा दही फासण्याची एक युक्ती सांगितली जाते. तिची गरज नाही. त्याने बुरशी आणि मुंग्या तेवढ्या येतात. जंगलातून, घाटातल्या दरडीवरून, कासच्या पठारावरून यकृतका उपटून आणणे तर पूर्णपणे चुकीचे. तिथे उघडा पडलेला तुकडा भरून यायला वर्षे लागतात आणि परसातल्या उष्ण हवेत ती जगण्याची शाश्वतीही नसते. बीजाणू वाऱ्याने येतातच. पहिल्या पावसाळ्यात कदाचित केवळ हरिता येईल, दुसऱ्यात रिक्सियाची एखादी चकती दिसेल. थांबण्याची तयारी हवी.

खरी परीक्षा दिवाळीनंतर. ऊन वाढते, पट्ट्या काळ्या पडतात, कोपरा उजाड दिसतो. तेव्हा ‘काहीतरी लावू’ म्हणून तो खणला जातो आणि मातीतले बीजाणू गाडले जातात. आपल्या देशी यकृतकांच्या आयुष्यात कोरडे महिने धरलेलेच आहेत. त्यांना उन्हाळाभर पाणी घालून हिरवे ठेवण्याचाही खटाटोप नको. मे महिन्यात तो कोपरा जसा आहे तसा सोडणे, एवढेच काम.

एवढे कशासाठी?

या वनस्पतींनी माणसाला काय दिले, असा प्रश्न कोणी विचारील. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जे बीजाणू सापडतात ते यकृतकांसारख्याच साध्या भू-वनस्पतींचे मानले जातात. पाण्यातले हिरवे जीवन जमिनीवर कसे आले याचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञांना म्हणूनच त्या मोलाच्या वाटतात. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मार्कांशियाच्या हरितलवकातली संपूर्ण जनुकीय रचना वाचली. ही रचना जगात सर्वांत आधी ज्या दोन वनस्पतींची वाचली गेली त्यांतली ही एक, दुसरी तंबाखू. २०१७ मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. परसात त्यांचे काम साधे आहे : उघडी माती पावसात वाहून जाण्यापासून धरणे, ओल राखणे आणि माती घडवणाऱ्या सूक्ष्म जिवांना आसरा देणे.

भारतात यकृतकांच्या अभ्यासाचा पाया घालणारे शिव राम कश्यप (१८८२–१९३४) यांचे शिक्षण आधी वैद्यकाचे झाले होते. आग्र्यात शिकून त्यांनी काही काळ सरकारी वैद्यकीय सेवेत काम केले, नंतर ते वनस्पतिशास्त्राकडे वळले आणि लाहोरला प्राध्यापक झाले. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातील यकृतकांवरचा त्यांचा ग्रंथ १९२९ आणि १९३२ मध्ये दोन भागांत निघाला. रोजच्या वाटेवरचे हिरवे डाग त्यांनी थांबून पाहिले, म्हणून त्यांना नावे मिळाली.

आज गृहनिर्माण संस्थांच्या सभेत ‘परिसर स्वच्छता’ या मथळ्याखाली ॲसिडच्या कॅनचे बिल मंजूर होते. शाळांच्या आवारात पावसाळ्याआधी सरसकट तणनाशक फवारले जाते. तिथे एक ठराव सहज होऊ शकतो : पायवाटा दर आठवड्याला ब्रशने घासायच्या, ॲसिड आणायचे नाही, आणि इमारतीच्या उत्तरेकडची एक पट्टी मोकळी सोडायची. शाळेत तर या पट्टीचा उपयोग दुहेरी. आठवी-नववीच्या मुलांना पुस्तकातली मार्कांशिया-रिक्सियाची आकृती पाठ करण्याआधी भिंग घेऊन अंगणात पाठवता येईल. ज्याला एकदा यकृतका आणि बुळबुळीत शैवाल यांतला फरक कळला, तो घासणी कुठे चालवायची आणि कुठे नाही, हे दुसऱ्यालाही सांगू शकेल. हा पावसाळा अजून संपलेला नाही. या रविवारी घासणी उचलण्याआधी पाच मिनिटे वाकून पाहायला हरकत नसावी.